बिऱ्हाडगाडीतलं पाणी

"ही चूल. ही मोरी. ह्यो पलंग. आन् ह्यो दरवाजा, त्येला कुलूप. आता तूच सांग वैजा, ह्येला गाडी म्हणायचं का घर?"

आण्णा आमच्या आरव्हीच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या लांबलचक गाडीच्या, मधोमध उभे राहून एकेका वस्तूवर बोट ठेवत होते. अंगात सदरा-पायजमा, डोक्यावर पांढरी टोपी आणि पायात माझ्या नवऱ्याने, उदयने, घेऊन दिलेले निळे बूट. बाहेर युटाच्या वाळवंटात सकाळचं ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं.

"गाडी म्हणायचं," मी म्हणाले. "खाली चाकं आहेत. भाड्याने आणलीय. रविवारी परत करायचीय."

"भाड्याचं घर म्हंजे घर न्हाई व्हय? कोइमतूरला आपण सगळा जलम भाड्याच्याच घरात काढला की."

"त्या घराला चाकं नव्हती, आण्णा."

"मेंढक्यांचं बिऱ्हाड घोड्यावर असतंय. मग त्यास्नी घर न्हाई म्हणशील का? जितं चूल, तितं घर. आन् घर लेकीचं. संपला इषय."

मी तरीही पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांनी त्यावर तळहात झाकण घातल्यासारखा ठेवला, हलकेच मागे सारला, आणि खाली उतरून स्वतःच्या कॅनमधलं पाणी प्यायला गेले. टेबलाशी बसलेला उदय माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा तत्त्वाचे पक्के आहेत." सासऱ्यांना तो मामा म्हणतो. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने नकाशात डोकं घातलं.

आमच्या विट्याकडे जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. माझ्या लग्नात पंगती उठत असताना कुणीतरी विचारलं, "हणमंतराव, आता लेकीकडं जेवायला कवा?" आण्णा म्हणाले, "नातवंडाचं तोंड बगितल्याबिगर लेकीच्या दारचं पाणी न्हाई." त्यात विशेष काही नव्हतं. सगळेच बाप म्हणतात. वर्ष-दोन वर्षांत बारसं होतं आणि तोच बाप लेकीच्या घरी पुरणपोळ्यांवर आडवा हात मारतो. रीत आपोआप फिटते.

आमची फिटली नाही. बारा-तेरा वर्षं गेली. दवाखाने झाले, सुया झाल्या, दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. मधल्या काळात आई वारली. आणि आदल्या वर्षी मी आणि उदयने समोरासमोर बसून ठरवलं की आता बास. त्या संध्याकाळी आम्ही बाहेर जाऊन डोसा खाल्ला, घरी आलो, आणि कित्येक वर्षांनी दोघंही गाढ झोपलो. हे मी आण्णांना सांगितलं नव्हतं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि आता ते फिनिक्सला माझ्या घरी येऊन राहिले तर तोंडातून शब्द फुटत नव्हता.

राहिले म्हणजे काय, नावाला राहिले. येताना बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं पीठ असा आपला शिधा बांधून आणला होता. आल्या दिवशी स्वतःच्या पैशांनी एक विजेची शेगडी आणि पाण्याचे कॅन घेतले आणि माझ्या बाल्कनीत स्वतंत्र संसार मांडला. रोज सकाळी बाल्कनीतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. शेजारची मेक्सिकन बाई कौतुकाने बघायला यायची, तिला चटणीचा नैवेद्य मिळायचा. मी आत ओट्याशी दातओठ खात उभी. स्वतःच्या बापाने स्वतःच्या घरात परक्यासारखं जेवावं, यासारखा दुसरा अपमान नाही. दर भाकरीला मला ऐकू यायचं, वैजा, तुझं घर अजून घर झालेलं नाही.

याचा मला इतका राग का यायचा, ते सांगायचं तर कोइमतूरला जावं लागेल. आण्णांचा धंदा गलाईचा. सोनारांकडचं जुनं, मोडकं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या भागातली माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. दुकान खाली, आम्ही वर. सोनं मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, असेपर्यंत आण्णा पाण्याला शिवायचे नाहीत. नजर हलली की माल बिघडतो, म्हणायचे. भट्टीसमोर घामाने निथळत, ओठ सुकलेले, आणि नजर त्या लाल मुशीत. सोनं साच्यात पडलं की खालून हाक यायची, "ओतलं गं, वैजे!" की मी तांब्या घेऊन जिन्यावरून धावत सुटायची. घरात भाऊ होता, आई होती, दुकानात गडी होते. पण ते पहिलं पाणी माझ्याच हातचं. दुसऱ्या कुणी आणलं तर आण्णा भांड्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "थांब. वैजाला पाठव."

आणि लग्न झालं, तर त्याच हाताचं पाणी बंद. मला त्यांच्याकडून बाकी काही नको होतं. एक भांडं पाणी, माझ्या घरात, माझ्या हातचं. त्यासाठीच मी ही आरव्हीची सहल काढली होती. मनात हिशेब असा की घर नको तर नको, गाडीत तरी पितील. मोरीशेजारच्या फडताळात बरणीभर गूळसुद्धा ठेवला होता, कारण आमच्यात उन्हातून आलेल्या माणसाला गुळाचा खडा आणि पाणी देतात. आण्णांनी पहिल्याच दिवशी ती बरणी बघितली आणि तोंड फिरवून घेतलं. गाडीचं नाव मात्र त्यांनीच ठेवलं, बिऱ्हाडगाडी.

गाडी मी चालवत होते. पहिल्या दिवशी उदयने चालवायला घेतली आणि पेट्रोल पंपाच्या खांबाला गाडीचं अंग घासून आला, तेव्हापासून चावी माझ्याकडे. चांगली ट्रकएवढी लांब गाडी. सुरुवातीला आण्णा शेजारच्या सीटवर दोन्ही हातांनी पुढचा कठडा धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी एक हात सुटला. तिसऱ्या दिवशी ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतल्या लोकांना हात करू लागले. मला तोंडावर कधी शाबासकी दिली नाही, पण थांब्यावर कुणी भेटलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "माय डॉटर. ड्रायवर." समोरचा हसून मान डोलवायचा आणि आण्णांची टोपी आणखी ताठ व्हायची.

गाडी की घर हा वाद झाला त्या दिवशी सकाळी पहिल्याच थांब्यावर दोन सायकलवाले भेटले. एक मुलगा, एक मुलगी, विशीतले, उन्हाने टोमॅटोसारखे लाल झालेले. रिकाम्या बाटल्या उलट्या करून दाखवत होते. आण्णांनी आपला शेवटचा कॅन उचलला आणि त्यांच्या बाटल्या भरल्या. मग पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या भरल्या. मग उरलेलं त्या दोघांच्या डोक्यावर ओतलं.

"ड्रिंक, ड्रिंक," म्हणाले. "माय डॉटर. ड्रायवर."

ती मुलगी रडायच्या बेतात आली होती. तिने आण्णांचे हात धरले, आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. ते दोघं निघून गेल्यावर मी रिकाम्या कॅनकडे बघितलं.

"आण्णा, आता तुम्ही काय पिणार?"

"फुडं दुकान असंल की."

दुकान होतं. रस्ता जिथे फुटतो तिथे एक छोटं लाकडी दुकान होतं आणि त्याच्या दाराला कुलूप होतं. तिथून एक सरळ रस्ता गावाकडे जात होता आणि दुसरा, लांबचा, रंगीत डोंगरांमधून वळणं घेत खाली दरीत उतरत होता. तोच बघायला लोक जगभरातून येतात. त्या रस्त्यावर वाटेत काहीही मिळत नाही, अशी पाटी होती. मी तो दुसरा रस्ता मुद्दाम घेतला नाही, असं मी उदयला आजही सांगते. तो आजही विश्वास ठेवत नाही.

तो रस्ता मात्र काय सांगावा! एका वळणावर लाल भिंत आकाशापर्यंत उभी, दुसऱ्या वळणावर पिवळी, मग एकदम जांभळट राखाडी टेकड्या, गवताचं पातं नाही की पाखरू नाही. आण्णांनी आयुष्यभर धातू बघितले, त्यांना तिथेही धातूच दिसत होते.

"ह्यो डोंगूर तांब्याचा," ते म्हणत. "त्यो पिवळा पितळंचा. आन् त्यो बग पलीकडं, चांदी हाय पण शिसं लई मिसळलंय. एवढी भट्टी कुणी पेटवली आसंल?"

"देवाने," मागून उदय म्हणाला.

"मग द्येव आमच्याकडलाच," आण्णा म्हणाले. बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटल्याचा आवाज मला आला.

घाट उतरताना मी गिअर खालचा टाकला, ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी जड पावलांनी उतरवत आणली. मधेच आण्णांनी हळूच विचारलं, "गरम न्हाई हुणार का चाकं?" मी म्हणाले, "गिअरात उतरवतेय. ब्रेक तापत नाहीत." कठड्यावरचा त्यांचा दुसरा हातही सुटला. मला पाचवीत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

दुपार चढली. मी भांडं पुढे केलं, तळहात झाकण. उदयने करून बघितलं, "मामा, माझ्या हातचं घ्या, मी तर परका." तळहात झाकण. "पाव्हणं, तुमी परकं आसता तर घेतलं आसतं." त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि ते आता डोंगरांकडे बघून धातू ओळखत नव्हते, नुसते डोळे मिटून बसले होते.

दरीच्या तळाशी एक मोकळी जागा आली. तिथून चारी बाजूंचे रंगीत कडे दिसतात म्हणून लोक थांबतात. त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, चावी काढून परकराच्या खिशात टाकावी तशी जीनच्या खिशात खोल खुपसली.

"का गं थांबलीस?" आण्णा म्हणाले.

"तहान लागलीय."

"मग पी की."

"नाही पीत. तुम्ही पाणी प्याल तेव्हा पीन. तोवर गाडी हलणार नाही."

उदय मागून उठून आला. "वैजू, चेष्टा पुरे. बाहेर आग पडलीय."

"मी चेष्टा करत नाही."

आण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. अगदी भट्टीत बघायचे तसं, रंग ओळखायला. त्यांना कळलं की ही पोरगी हटणार नाही. त्यांनी टोपी सारखी केली, दार उघडलं आणि खाली उतरले.

"भट्टीम्होरं जलम गेलाय माझा," म्हणाले. "ह्ये ऊन मला दावतीस?"

"मी तुमच्याच भट्टीची आहे," म्हणाले आणि मीही उतरले.

गाडीच्या सावलीत दोन घडीच्या खुर्च्या टाकून आम्ही बापलेक बसलो. उदय दारात बाटली घेऊन उभा. थोड्या वेळाने त्याने अगदी गरीब आवाजात विचारलं, "मी प्यालो तर चालेल का?"

"प्या, पाव्हणं."

"पी रे."

तो तोंड फिरवून प्याला आणि घोट गिळल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.

वारा नव्हता. सावली पायाशी होती ती सरकून खुर्चीखाली आली. माझा खालचा ओठ फुटला, मी जिभेने चाटला तर रक्ताची चव आली. आण्णांनी ते बघितलं.

"पी, वैजा."

"तुम्ही आधी."

"आगं, गाडी चालवायची हाय तुला."

"हो. आणि तुम्हाला तिच्यात बसायचंय."

"रीत हाय ती. मी न्हाई केली."

"रीत!" मी म्हणाले, आणि इतका वेळ धरलेला आवाज सुटला. "सकाळी त्या पोरांना अख्खा कॅन ओतलात. कुठली, कोण, जात न गोत. तहानलेल्याला पाणी द्यायचं तुम्हाला पुण्य, आणि मी दिलं तर पाप? तुमचा हात पाण्याचा आणि माझा कशाचा, आण्णा?"

ते खाली वाळूकडे बघत राहिले. "तुझ्या हाताला कोण नाव ठिवलं?"

"तुम्ही ठेवलंत. रोज ठेवता. भांड्यावर तळहात ठेवता ना, तेव्हा."

"वैजू," उदय म्हणाला. त्याला पुढचं काय येणार ते कळलं होतं.

"बोलू दे मला." मी खुर्ची ओढून आण्णांच्या समोर घेतली. "आण्णा, आम्हाला मूल होणार नाही. आम्ही सगळं थांबवलंय. गेल्या वर्षीच. डॉक्टर म्हणाले अजून एकदा बघू, मीच नको म्हणाले. आम्ही दोघं आहोत आणि दोघंच राहणार, आणि आम्हाला बरं चाललंय. तेव्हा ज्या दिवसाची तुम्ही वाट बघताय तो दिवस येणार नाही. आता सांगा. माझ्या घरचं पाणी तुम्ही कधीच पिणार नाही का? मी मरेपर्यंत माझं घर तुमच्या लेखी अर्धंच का?"

एवढं बोलले आणि मला रडू आलं. रडले, पण डोळ्यांतून फारसं पाणी आलं नाही, शरीराने तेही राखून ठेवलं होतं बहुतेक.

आण्णांनी टोपी काढली. मी त्यांना बाहेर, चारचौघांत, टोपी काढताना कधीच बघितलं नव्हतं. आईच्या वेळेला तेवढी काढली होती. ती गुडघ्यावर ठेवून ते तिच्या घडीवरून बोट फिरवत राहिले.

"आर्धं?" ते म्हणाले. "आर्धं कोण म्हणलं?"

"तुम्हीच."

"मी?" त्यांचा आवाज चिरकला. "आगं येडे, दुसऱ्या खेपंला तुझं गेलं, तवा तुझी आई मला म्हणाली, जावा पोरीकडं, दोन घास खावा तिच्या हातचं, तिला बरं वाटंल. मी न्हाई म्हणालो. का न्हाई म्हणालो? म्या म्हणलं, मी जर आता पाणी प्यालो, तर पोरीला काय वाटंल? बापानं बी आशा सोडली. आता काय हुत न्हाई म्हणून बापानं रीत मोडली. म्हणून म्या धरून बसलो. सगळ्या जगानं सोडली तरी निदान बापाची आशा हाय, एवढं तरी तुला वाटावं म्हणून. मला काय हौस हाय व्हय बाल्कनीत भाकऱ्या बडवायची?"

उदय पायरीवर खाली बसला.

"तुझ्या घराच्या वासानंच मी कासावीस हुतो," आण्णा म्हणाले. "तू डाळीला फोडणी घालतीस, तुझ्या आईचाच वास. मी भाइर भाकरी थापतो आन् माझं ध्यान आत."

"मग बोलला का नाही?"

"तू तरी कुटं बोललीस?"

तेरा वर्षं मला वाटत होतं, ते माझं घर नाकारत आहेत. आणि ते तेरा वर्षं माझ्या वाट्याची आशा एकटे ओढत होते, तहानलेले. मला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, हसूही आलं. आणि या सगळ्याच्या वर, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. असा बाप कुणाला असतो?

"आण्णा," मी म्हणाले, "आशा सोडून आम्ही रडत बसलो नाही. खरंच बरं चाललंय आमचं."

"ते दिसतंय की," आण्णा म्हणाले. त्यांनी वर कड्यांकडे बघितलं, जिथून आम्ही उतरून आलो होतो. तो रस्ता तिथून बारीक दोऱ्यासारखा दिसत होता. "एवढा मोठा घाट. ब्रेकला पाय न लावता उतरवलास. मी मोजत हुतो."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, हाताने घडी ताठ केली आणि उठले. उठताना थोडे झोकांडले, उदय धावला, तर त्याला हातानेच थांबवलं. "आत जा," मला म्हणाले.

"कुठे?"

"आत. घरात."

मी आत गेले. काय चाललंय ते मला कळत नव्हतं. खिडकीतून बघितलं तर आण्णा गाडीच्या पुढून वळसा घालून गेले, थोडं लांब गेले, आणि उन्हातून परत चालत आले, जसा माणूस परगावाहून येतो. पायरीपाशी थांबले. निळे बूट काढून बाजूला नीट जोडीने लावले. आणि मग त्या निर्मनुष्य दरीत, तांब्या-पितळेच्या डोंगरांमध्ये, सुकलेल्या गळ्यातून हाक आली.

"ओतलं गं, वैजे!"

माझं वय तेव्हा अडतीस. पण ती हाक ऐकली आणि मी जिन्यावरून धावायची तशी धावले. जागा ती केवढी, दोन पावलं. नळ सोडला, भांडं भरलं, निम्मं माझ्याच अंगावर सांडलं. दारात ते उभे होते. मी भांडं पुढे केलं आणि त्यांच्या तळहाताकडे बघत राहिले.

तळहात वर आला, भांड्याखाली गेला आणि भांडं धरलं.

ते वरून धार धरून प्याले, दुकानात प्यायचे तसे, कंठ वर-खाली होत. एका दमात भांडं रिकामं. मग ते रिकामं भांडं माझ्यापुढे धरून, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "नुसतंच पाणी? बाप उन्हातनं आलाय. गूळ कुटं हाय?"

उदय माझ्या आधी फडताळाकडे झेपावला. घाईत बरणीचं झाकण निघेना, त्याने ती मांडीत धरून पिळली. आण्णांनी त्यातला सगळ्यात मोठा खडा निवडला, निम्मा तोडून माझ्या तोंडात घातला आणि उरलेला स्वतःच्या. मग आम्ही दोघं पाणी प्यालो, आळीपाळीने, त्याच भांड्यातून, पुरे पुरे होईपर्यंत. तोंडातला गूळ विरघळेपर्यंत आम्ही बापलेक पायरीवर बसून राहिलो.

पुढच्या मुक्कामी मी डाळ-भात केला. आण्णांनी चार वेळा वाढून घेतला आणि डाळीत मीठ कमी म्हणून मला बोलले. चहा पांचट म्हणाले. कांदा जाड चिरलास म्हणाले. दर तक्रारीला मी सुखावत होते, कारण अशा खोड्या माणूस स्वतःच्या घरातच काढतो. फिनिक्सला परतल्यावर त्यांनी ती विजेची शेगडी शेजारच्या मेक्सिकन बाईला देऊन टाकली.

दोन वर्षांनी माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला मी विट्याला गेले होते. पंगत बसली होती. कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, लेकीकडं जेवायला कधी जाणार? आणि मुलीचे वडील, आमचे शिवाजीकाका, रीतीप्रमाणे बोलू लागले, "नातवंडाचं तोंड बगितल्याबिगर..."

"ए शिवा," आण्णा पंगतीतूनच ओरडले. सगळा मांडव वळला. "आसलं काय बोलू नगंस. मी बोललो हुतो. तेरा वर्सं तहानलेला ऱ्हायलो."

"मग दादा, शेवटी प्यालासा का न्हाई?" काकांनी विचारलं. मांडवात सगळ्यांना माहीत होतं की मला मूल नाही. बायका पदर सावरत माझ्याकडे बघू लागल्या.

आण्णांनी पानावरून हात उचलला. "प्यालो. माझ्या लेकीच्या घरात प्यालो. तुमच्या लेकींची घरं जाग्याला बसल्याली. माझ्या लेकीचं घर घाट उतरतंय, मोटारीगत. चूल हाय, मोरी हाय, पलंग हाय. आन् चालवतंय कोण? तीच! ब्रेकला पाय लावत न्हाई." त्यांनी सगळ्या पंगतीवरून एकदा नजर फिरवली, कुणाला काही म्हणायचं आहे का ते बघायला. मी खांबाला टेकून उभी होते आणि माझी मान आपोआप ताठ झाली होती.

तेवढ्यात वाढपी पाण्याचा जग घेऊन त्यांच्या पानापाशी आला. आण्णांनी भांड्यावर तळहात ठेवला.

"थांब," म्हणाले. "वैजाला पाठव."